गाडी रोज पुसता म्हणूनच चरे पडलेत

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काळी गाडी, आठ महिन्यांची, रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसता, रविवारी एक बादली, शॅम्पू आणि स्पंज घेऊन धुता, सर्व्हिसिंगला दिली की तिथूनही धुऊन येते, आणि एवढं करूनसुद्धा उन्हात उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतात. तर आता सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा तो पातळ संरक्षक थर, करून घेतलं तर ते जातील का?

नाही जाणार. उलट कोटिंगच्या खाली छान बंद होऊन बसतील. आणि दुसरी गोष्ट ऐकायला बरी नाही वाटणार पण सांगतो, ते चरे धुळीने पडलेले नाहीत, धूळ पुसण्याने पडलेत. मी चौदा-पंधरा वर्षं हेच काम करतोय, धुणं, पॉलिश, कोटिंग सगळं, आणि माझ्याकडे रंगाची सगळ्यात वाईट हालत झालेल्या गाड्या कुणाच्या येतात माहितीये? ज्यांचा गाडीवर भारी जीव आहे त्यांच्या. ज्याने गाडी महिनाभर धुळीत टाकून दिलेली असते त्याचा रंग धुतल्यावर बऱ्याचदा मस्त निघतो, कारण त्याला कुणी हातच लावलेला नसतो.

आता का ते बघा. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून येतं ते सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यातला क्लिअर कोट धरा ३५ ते ५०. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चकाकी आणि उन्हापासूनचं सगळं संरक्षण अर्ध्या-पाऊण केसाच्या जाडीत आहे, बस्स. अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात, तो गेला की खालचा रंग उघडा पडतो आणि मग फिका पडायला लागतो. आणि धूळ म्हणजे काय, तर त्यात रेतीचे बारीक कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, ज्याचा कडकपणा मोह्सच्या मापावर ७, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे काचेवर चरा काढणारी वस्तू तुम्ही रोज सकाळी फडक्यात धरून एका पातळ प्लॅस्टिकसारख्या थरावर फिरवताय. पॉलिश पेपरला आपण वेगळं काय म्हणतो?

गोल का दिसतात हे पण सांगून टाकतो कारण ‘मी तर सरळ रेषेतच पुसतो, मग गोल कसे’ हे मला दर दुसरा माणूस विचारतो. चरे गोल नसतातच, ते वेडेवाकडे सगळ्या दिशांना असतात. सूर्याचं किंवा बल्बचं प्रतिबिंब पडतं तिथे त्या उजेडाला आडवे येणारे तेवढेच चरे चमकतात, बाकीचे दिसत नाहीत, म्हणून प्रतिबिंबाभोवती जाळं विणल्यासारखं वाटतं. डोकं थोडं बाजूला न्या, जाळंही तुमच्याबरोबर सरकेल. पांढऱ्या गाडीवरही हे सगळं तितकंच असतं, फक्त दिसत नाही म्हणून ते लोक सुखी.

तर पहिलं काम, उद्यापासून ते सकाळचं फडकं बंद. एकदम बंद. पिसांचा झाडू, मेणाचा ब्रश, ‘एकदम सॉफ्ट आहे’ म्हणून विकलं जाणारं काहीही, बंद. फडकं मऊ आहे का हा प्रश्नच नाहीये, फडकं आणि रंग यांच्यामध्ये काय अडकलंय हा प्रश्न आहे. धूळ बसू द्या, दोन-चार दिवस बसलेल्या नुसत्या धुळीने रंगाला काहीही होत नाही. मनाला फार लागत असेल आणि पुसायचीच असेल तर रिन्सलेस वॉश नावाचा प्रकार असतो, बादलीभर पाण्यात अगदी थोडं टाकायचं, कित्येकांचं प्रमाण २५६ भाग पाण्याला १ भाग असतं, ते आधी पंपाने गाडीवर फवारून दोन मिनिटं मुरू द्यायचं आणि मग त्याच पाण्यात भिजवलेलं मायक्रोफायबर अगदी हलक्या हाताने एकदाच एका दिशेने ओढायचं. त्यातली पॉलिमर धुळीच्या कणाभोवती लपेटतात आणि पृष्ठभाग बुळबुळीत करतात. पण हे नुसत्या धुळीसाठी, हां. चाकामागे चिखलाचा पापुद्रा असेल तर आधी पाण्याचा पाईपच पाहिजे.

आता रविवारचं धुणं. इथे स्पंज हा मोठा गुन्हेगार. त्याचा तळ सपाट असतो, रेतीचा कण त्याच्या खाली सापडला की त्याला जायला जागाच नाही, मग तो कण तुम्ही बोनेटच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेटत नेता. त्याच्या जागी लोकरीचा किंवा शेवयांसारखे जाड धागे असलेला मायक्रोफायबरचा हातमोजा घ्या, त्यात कण धाग्यांच्या आत वर शिरतो आणि रंगापासून लांब राहतो. आणि बादल्या दोन. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. एक भाग धुतला की मोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, पिळायचा, मग शॅम्पूत बुडवायचा. बादलीच्या तळाला जाळी मिळते ती टाकली तर रेती खाली बसून राहते, नाही मिळाली तरी मोजा तळाला घासू नका एवढं पाळा. पहिल्यांदा करणाऱ्यांना वाटतं काय हा ताप, पण धुऊन झाल्यावर त्या साध्या पाण्याच्या बादलीत हात घालून तळ चाचपून बघा. हाताला जी रेती लागेल ती आत्तापर्यंत दर रविवारी कुठे जात होती ते कळेल.

मोजा लावायच्या आधीचं काम मात्र मोज्यापेक्षा महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं तेच गुंडाळतात. गाडी आधी नीट भिजवायची, वरून खाली, टपापासून सुरू करून, आणि जितकी रेती नुसत्या पाण्याने जाईल तितकी घालवायची. प्रेशर वॉशर असेल तर रुंद फवाऱ्याचं नोझल लावा, फूटभर लांब धरा, आणि जिथे रंगाचा टवका उडालाय किंवा स्टिकरची कडा आहे तिथे जवळून मारू नका नाहीतर टवका मोठा होतो. फोमचं, म्हणजे गाडीभर फवारतात त्या शॅम्पूच्या फेसाचं, म्हणाल तर त्याने फायदा आहे, तो घाणीला चिकटून राहतो, सैल करतो, चार-पाच मिनिटं ठेवायचा, वाळू द्यायचा नाही. पण माझं मत विचाराल तर फोम फोटोत जेवढा भारी दिसतो तेवढा तो अत्यावश्यक नाहीये. पाईपने भिजवा, पाच मिनिटं थांबा, परत भिजवा, निम्मं काम तिथेच होतं. घाई नाही केली तर.

धुताना वरून खाली यायचं, टप, काचा, बोनेट, डिकी, मग दरवाज्यांचा वरचा भाग, आणि दरवाज्यांचा खालचा एक वीतभर पट्टा व मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण सगळी रेती तिथे उडालेली असते. तिथला मोजा परत बोनेटवर न्यायचा नाही. जोर तर अजिबात लावायचा नाही, मोज्याच्या स्वतःच्या वजनाने जेवढं निघेल तेवढंच. डाग निघत नसेल तर घासायचं नाही, परत भिजवायचं. चाकांची बादली, ब्रश, फडकी सगळं वेगळं ठेवा, ब्रेकमधून उडणारी लोखंडाची पूड तिथे असते, ती चुकून बोनेटवर गेली तर तुम्हीच रडाल.

ह्यावरून माझा स्वतःचा एक जुना पराक्रम. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं, एका गिऱ्हाईकाची गडद निळी गाडी, दोन दरवाजे धुऊन झाले आणि हातातला मोजा खाली पडला. मी काय केलं, उचलला, नळाखाली धरला, बघितलं तर स्वच्छ दिसला, आणि तिसऱ्या दरवाज्याला लावला. वाळल्यावर उजेडात नेली तर त्या दरवाज्यावर समांतर चार लांब ओरखडे, जणू मांजराने नखं मारली. एक खडा, एवढासा, धाग्यांच्या मुळात अडकला होता. तो दरवाजा पॉलिश करायला माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि गिऱ्हाईकाला तोंड दाखवायची लाज वाटली ती वेगळीच. तेव्हापासून खाली पडलेलं काहीही, मोजा असो, फडकं असो, त्या दिवसापुरतं बाद. दुसरा मोजा जवळ ठेवायचा, वाद संपला.

शॅम्पू गाडीचाच घ्या, पीएच न्यूट्रल लिहिलेला, म्हणजे ना आम्ल ना क्षारीय. भांड्याचा साबण तेल-तूप कापायला बनवलेला असतो, तो रंगावर चकाकीसाठी लावलेलं वॅक्स पण कापतो, आणि कपड्याची पावडर त्याहून क्षारीय. एकदा वापरल्याने आभाळ नाही कोसळत, पण दर आठवड्याला नको. गाडी उन्हात धुऊ नका, बोनेटला हात लावून बघा, गरम लागला तर थांबा. कारण पाणी आणि शॅम्पू तिथल्या तिथे वाळतात.

आणि पाणी वाळण्याचं प्रकरण चऱ्यांइतकंच गंभीर आहे. बोअरचं किंवा कुठलंही जड पाणी असेल तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षारांचं पांढरं कडं मागे राहतं. ताजं असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून, गार पत्र्यावर, ओल्या फडक्याने मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने धुतलं तर निघतं. पण उन्हात तापत राहिलं तर ते कडं क्लिअर कोटमध्ये खड्डा करून बसतं आणि मग पॉलिशशिवाय इलाज नाही. म्हणून धुतल्यावर लगेच कोरडी करायची. शेवटी पाईपचं नोझल काढून पाणी टपावरून हळू, चादरीसारखं सोडा, बरेचसे थेंब त्या पाण्याबरोबरच खाली ओघळतात, विशेषतः वॅक्स असेल तर. उरलेल्याला मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल, पसरायचा आणि अलगद ओढायचा किंवा टिपून घ्यायचा, रगडायचं नाही. लेदरची शॅमी, ते पाणी टिपायचं चामड्याचं फडकं, मला आवडत नाही, सपाट असते, स्पंजचाच भाऊ. आरशांच्या फटीत आणि दिव्यांच्या कडेला अडकलेलं पाणी ब्लोअरने उडवा म्हणजे तेवढा स्पर्श वाचला.

फडक्यांची निगा हा कंटाळवाणा विषय आहे पण दोन ओळी. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, सुताची लव चिकटते, सॉफ्टनर टाकू नका, धागे बुजतात, फार गरम पाणी किंवा ड्रायर नको. कडेचं लेबल कापून टाका. काच, डॅशबोर्ड, रंग यांची फडकी वेगळ्या रंगाची ठेवा म्हणजे घोळ होत नाही.

सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर ‘गाडी धुऊ नये’ असं लिहून घ्या आणि तोंडीही सांगा. तिथल्या पोरांचा दोष नाही, एकाच बादलीत दिवसभर एका मागोमाग एक गाड्या उरकायच्या असतात, तुमच्या आधीच्या गाडीचा चिखल तुमच्या बोनेटवर येतो. फिरत्या ब्रशच्या मशीनचंही तेच.

धुळीचं एक वेळ चालेल पण पक्ष्याची शीट मात्र थांबू देऊ नका. त्यात युरिक आम्ल असतं, उन्हात काही तासांत क्लिअर कोटवर ठसा उमटू शकतो. पण म्हणून बोटाने किंवा सुक्या टिश्यूने खसाखसा पुसायचं नाही, त्यात रेती-बिया असतात. डिकीत एक पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा, ओला टिश्यू त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवून द्या, मऊ झालं की अलगद उचलून घ्या. झाडाचा चीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, डांबर असेल तर टार रिमूव्हर, नखाने खरवडायचं नाही. लहान किडे पुढच्या बंपरवर चिकटून वाळतात त्यांनाही हेच, भिजवा आणि थांबा.

आता पडलेल्या चऱ्यांचं काय. ते फक्त एकाच प्रकारे जातात, चऱ्याच्या तळापर्यंतचा क्लिअर कोट घासून काढून. पॉलिश म्हणजे चरा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचं कमी करणं. कंपाउंडने, म्हणजे जास्त घासणाऱ्या जाड पॉलिशने, व्यवस्थित काम केलं तर दोन-चार मायक्रॉन जातात, आणि तुमच्याकडे एकूण ३५ ते ५० आहेत, आणि ते सगळे संपवायचे नसतात, बराचसा भाग उन्हासाठी राखायचा असतो. म्हणजे गाडीच्या आयुष्यात असं मोठं पॉलिश मोजक्याच वेळा. हे कुणी सांगत नाही, दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश करून देऊ का’ म्हणतात, हो म्हणू नका. शिवाय त्यातलं बरंचसं नुसत्या तेलाचं फिलर असतं, आणून दाखवतात तेव्हा आरसा, तीन वेळा धुतली की चरे परत हजर. खरं काम झालंय का बघायचं तर अल्कोहोल-पाण्याने एक भाग पुसायला लावा, तेल निघून जातं, उरतं ते खरं.

कुणाकडून करून घेणार असाल तर दोनच गोष्टी विचारा. एक, रंगाची जाडी मोजणारं मीटर आहे का. ते एकूण जाडी दाखवतं, क्लिअर कोट वेगळा नाही दाखवत, आणि साधं मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, पण एखादा दरवाजा आधी कुणी जास्त घासलाय किंवा परत रंगवलाय ते कळतं. दुसरं, आधी छोट्या तुकड्यावर सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशने करून बघतो का, की थेट जाड कंपाउंडने सुरुवात. ड्युअल ॲक्शन मशीनवाला (ज्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही) असला तर नवशिक्याच्या हातून नुकसान कमी होतं, रोटरी मशीन (नुसतं गोल फिरणारं) एका जागी तापतं आणि पत्र्याच्या कडांना रंग पातळ असतो, तिथे क्षणात आरपार जातं. मी पण एकदा घालवलीय एक कड, नको ती आठवण.

पॉलिशच्या आधी क्ले करावा लागतो, म्हणजे मऊ मातीसारखी वडी रंगावर फिरवून रुतलेली घाण ओढून काढायची. आधी गाडी धुऊन वाळवा, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटं बोनेटवर फिरवा, खरखर लागली तर धुऊन न जाणारी घाण रंगात रुतलीय. आधी आयर्न रिमूव्हर मारतात, लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात, वास मात्र भयंकर, आणि ते वाळू द्यायचं नाही. मग भरपूर लुब्रिकंट मारून क्ले. क्लेनेही बारीक खुणा पडतात म्हणून काळ्या गाडीवर क्ले करायचा तो पॉलिश करणार असाल तेव्हाच, हौस म्हणून दर महिन्याला नाही.

आणि मग शेवटी येतं तुमचं कोटिंग. मी ते करतो, त्यावर माझं पोट आहे, तरी सांगतो. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिका असलेला एक-दोन मायक्रॉनचा थर. ते ९एच, ९एच म्हणून ओरडतात ना, ते पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, म्हणजे ९एच पेन्सिलीने चरा पडला नाही एवढंच, दगड नव्हे, आणि वर सांगितलेली रेती त्याला तसाच चरा पाडते. खडी उडून पडणारे टवके ते थांबवत नाही, पाण्याचे डाग थांबवत नाही, उलट थेंब गोळा होऊन उभे राहतात आणि तिथेच वाळले तर कडं ठसठशीत येतं. मग उपयोग काय? घाण कमी चिकटते, पाण्याने लवकर सुटते, म्हणून धुताना हात कमी लावावा लागतो. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे, पण ज्याचा हात नीट आहे त्यालाच. कार्नोबा वॅक्सनेही हेच होतं फक्त काही आठवडे टिकतं, सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच पण कृत्रिम, काही महिने. खडीचीच भीती असेल तर ती पारदर्शक फिल्म, पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड पॉलियुरेथेन, ती खरंच मार खाते, आणि सगळ्या गाडीला लावायची गरज नाही, पुढचा बंपर, बोनेटची पुढची कड आणि आरसे एवढ्यानेही बराच फरक पडतो.

कव्हरबद्दल तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घातलं आणि वाऱ्याने ते फडफडलं की रात्रभर तेच सकाळचं फडकं चालू. धुतलेल्या गाडीवर, आणि शक्यतो बंद जागेत, नाहीतर नको.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन: आत्ता ना पॉलिश, ना कोटिंग. आधी हात बदला. दोन-तीन महिने हातमोजा, दोन बादल्या, मोठा टॉवेल, सकाळचं फडकं बंद, आणि हाताने लावायचं एखादं सीलंट. ते अंगवळणी पडलं की मग एकदा नीट पॉलिश करून त्यावर कोटिंग घ्या, नाहीतर आत्ता पॉलिशला दोन-चार मायक्रॉन घालवाल आणि पुढच्या आठ महिन्यांत परत जाळं विणाल. आज रात्री एक करा, गाडी धुऊन अंधारात उभी करा, बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर मोबाईलचा टॉर्च धरून फोटो काढा, अंतर लक्षात ठेवा. तीन महिन्यांनी त्याच कोपऱ्याचा तसाच फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. चरे कमी झालेले दिसणार नाहीत, ते मी आत्ताच सांगतो, पण नवे वाढलेत की नाही ते दिसेल, आणि वाढले नसतील तर पॉलिशवाल्याला फोन करायला हरकत नाही.